राहिलेले अठ्ठावन्न मीटर

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाच्या बोट क्लबच्या शेडमध्ये पाच बोटी, एकोणीस वल्ही, बारा माणसं आणि चहाचे सात कप होते. विसावं वल्हं चार वर्षांपासून आमच्या घरी आहे. मावशी त्यावर चादरी वाळत घालते आणि दर आठवड्याला "पुढच्या शनिवारी नक्की आणते" म्हणते. शेडच्या भिंतीवर एक लाकडी पाटी होती, पाटीखाली खिळ्याला सुती दोराचं एक मोठं वेटोळं टांगलेलं होतं आणि माझ्या खिशात ऑफिसातला थर्मामीटर होता.

बारा माणसांत पाच विद्यार्थिनी, एक कोच सर आणि बाकीचे सहा आम्ही, म्हणजे मदतीला येणारे माजी विद्यार्थी. वल्हवणाऱ्या चार आणि त्यांना मदत करणारे सहा, हे प्रमाण मी एकदा सरांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "बघू." सर सगळ्यालाच बघू म्हणतात.

आम्हा सहांत पहिली मावशी. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर तोंडात कापूस कोंबलेल्या लोकांशी बोलून बोलून समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो, हे ती विसरून गेली आहे. बोटीच्या तळाला बारीक चीर गेली की ती आपला छोटा आरसा आणि टोकदार हत्यारं घेऊन बोटीखाली आडवी होते, आणि बोटीला म्हणते, "हं, आ कर. दुखणार नाही."

मग तिच्या तीन मैत्रिणी. जजमावशी खरोखरची न्यायाधीश आहे. कुठलं वल्हं कुणाचं यावरून मुलींची जुंपली की ती दोन्ही बाजू ऐकून घेते आणि वल्हं तिसरीलाच देते. बेकरीमावशीची बेकरी आहे. तिच्या येण्याआधी तिच्या पावांचा वास येतो. लंबूमावशी ग्रंथपाल आहे. तिने सगळ्या वल्ह्यांवर नंबर घातलेत आणि परत न आलेल्या वस्तूंची यादी दारावर लावली आहे. यादीत एकच नाव आहे, मावशीचं.

पाचवे काका, मावशीचे यजमान, शाळेत भूगोल शिकवतात. सहावी मी. वय तेवीस, भौतिकशास्त्राची पदवी, सध्या नोकरी वजनमापांच्या कार्यालयात. दुकानदारांचे तराजू आणि कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासणं हे माझं काम. मी मावशीकडेच राहते, त्यामुळे घरातलीही प्रत्येक गोष्ट मोजून झाली आहे. मावशी म्हणते, माझ्या हातात टेप आली की घरात कुणी आडवं पडू नये.

मी सोडून हे पाचही जण सव्वीस वर्षांपूर्वी एका बोटीत होते. चौघी वल्हवायच्या. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढच्या दिशेला असते, त्यामुळे त्यांना कुठे चाललोय ते दिसत नाही. ते दिसतं फक्त कॉक्सला. तो मागच्या टोकाला, वल्हवणाऱ्यांकडे तोंड करून बसतो, सुकाणूच्या दोन दोऱ्या धरतो आणि ओरडतो. तेव्हा कॉक्स होते काका, वजन एक्कावन्न किलो. मावशीचं म्हणणं, "त्या साडेसात मिनिटांत त्याने जन्माचं ओरडून घेतलं. नंतर माझी पाळी."

ती साडेसात मिनिटं पाटीवर आहेत. दोन हजार मीटर, सात मिनिटं एकेचाळीस पूर्णांक सहा सेकंद, खाली पाच नावं. पाटीवर एकच ओळ मावते. वर्षातून एकदा चाचणी होते. कुणी जास्त वेगवान निघालं तर जुनी ओळ खरवडून नवी लिहायची, आणि ज्यांची नावं खरवडली त्यांनी असतील त्या कपड्यांनिशी धक्क्यावरून पाण्यात उडी मारायची. वयाची, हुद्द्याची सवलत नाही. सव्वीस वर्षांत कुणी उडी मारली नव्हती. चाचणीच्या दिवशी जजमावशी मुद्दाम तिचे सगळ्यात भारी चामड्याचे बूट घालून यायची आणि मुलींना दाखवायची, "बघा गं, ओले होणारेत का हे?"

ज्या मुलीला ते ओले करायचे होते तिला सगळे शेंडी म्हणतात, कारण ती केस डोक्याच्या अगदी टोकावर बांधते. चौघींत तिची जागा स्ट्रोकची, म्हणजे कॉक्सच्या बरोबर समोरची. ती जो ताल धरेल तोच मागच्या तिघींनी धरायचा. ती शेवटच्या वर्षाला आहे. ही तिची शेवटची चाचणी. पाटीवर नाव लागायचं तर आज, नाहीतर कधीच नाही.

गेल्या वर्षी ते एक पूर्णांक चार सेकंदांनी हुकलं, आणि तिची कॉक्स मी होते. मी समोर बघायच्या ऐवजी मांडीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. बोट हळूच उजवीकडे गेली, काठाच्या गवताला एक वल्हं घासलं, आणि तेव्हापासून क्लबात माझं नाव वाकडी. शेंडी मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मोजणीचं सांगते. या वर्षीपासून मोठ्या स्पर्धेच्या अर्जासोबत अंतराचा दाखला लागतो. तुमचे दोन हजार मीटर खरंच दोन हजार आहेत, असं कुणीतरी अधिकृत लिहून द्यायचं. कुणीतरी म्हणजे आमचं कार्यालय. मी लगेच हात वर केला. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसचं लेसर यंत्र आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन काठावर गेले. सुरुवातीला पांढरा दगड आहे, शेवटी धक्क्याजवळ लोखंडी खांब. या दोन्हींमधलं अंतर मी दोनदा जाताना आणि दोनदा येताना मोजलं. १९४२.१, १९४२.०, १९४१.९, १९४२.०. यंत्र तपासलं. हवेचं तापमान बघून दुरुस्ती केली, थर्मामीटर त्यासाठीच. पाचव्यांदा मोजलं. १९४२.०.

अठ्ठावन्न मीटर नव्हतेच.

मी पांढऱ्या दगडामागे अठ्ठावन्न मीटर मोजून एक लाल झेंडी रोवली आणि सरांना फोन केला. दाखल्यासाठी मुलींना खरे दोन हजार वल्हवावेच लागतील, म्हणजे झेंडीपासून निघावं लागेल, असं सांगितलं. आणि पाटीचं काय, असंही विचारलं. सर म्हणाले, "सकाळी बघू."

सकाळी कुणीच काही बघितलं नाही. सर मोटरबोटीतून मुलींबरोबर सुरुवातीकडे, लाल झेंडीपाशी गेले; झेंडी का, हे त्यांनी मुलींना सांगितलं नाही. मी काकांना सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा त्यात पाव घातला. कारण हे अंतर सव्वीस वर्षांपूर्वी काकांनी मोजलं होतं, स्वतः, त्या पाटीखालच्या दोराने. त्या दोराबद्दल ते नवीन मुलींना दर वर्षी अर्धा तास सांगतात.

सात वाजता वायरलेसवर सरांचा आवाज आला, "सोडलं!" काकांनी घड्याळ दाबलं. मावशी आणि मंडळी धक्क्यावर ओळीने उभी. उंटावरून शेळ्या हाकणं बघायचं असेल तर चाचणीच्या दिवशी आमच्या धक्क्यावर यावं.

"त्या तिसरीचे खांदे बघ, खांदे! अडकलेलं दार उचलावं तसे उचलतेय," लंबूमावशी म्हणाली.

"तुझे काय वेगळे होते? पाणी कापायच्या ऐवजी पाण्याला दटावायचीस तू," बेकरीमावशी म्हणाली.

"गप्प बसा गं, शेंडीचा ताल बघा," मावशी म्हणाली. "काय सुरेख बसलाय! अगदी माझ्यासारखा."

बोट खांबाजवळून सरळ रेषेत गेली. या वर्षीची कॉक्स पहिल्या वर्षाची आहे, आणि ती समोर बघत होती. काकांनी घड्याळ दाबलं, बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

"सात छप्पन्न पूर्णांक चार," ते म्हणाले. "पंधरा सेकंद जास्त? वाटेत चहाला थांबलात की काय गं?"

मुली धक्क्याला लागल्या. शेंडी वल्ह्यावर पालथी पडली होती. डोकं वर न करता तिने विचारलं, "किती?" काकांनी आकडा सांगितला. ती उठून बसली. रडली नाही, नुसती पाटीच्या दिशेने बघत राहिली. तिथून पाटी दिसत नाही. "असं कसं?" तिने मला विचारलं. "ताई, मी कधीच इतकं चांगलं वल्हवलेलं नाही. असं कसं?"

मग मी सांगितलं. सगळं, चारही आकड्यांसकट. पाचवाही.

काका सावकाश शेडमध्ये गेले आणि दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन आले.

"हा दोर," ते म्हणाले, "मी विज्ञान विभागाच्या लांब व्हरांड्यात मीटरच्या पट्टीने मोजलाय. पन्नास मीटर. दोन्ही टोकांना गाठ. मग दोन होड्यांमधून पाण्यावर ताणून चाळीस वेळा. एक बोटभर चूक असेल, दोन बोटं असेल. अठ्ठावन्न मीटर? अगं, अठ्ठावन्न मीटरमध्ये घर बांधतात लोक!"

"काका, व्हरांड्यात दोर कोरडा होता ना?"

"मग? भिजवून आणायचा होता?"

"आणि पाण्यावर?"

काकांनी तोंड उघडलं. मावशीला वाटलं असावं की दात दाखवतायत, कारण ती सवयीने पुढे वाकून बघायला लागली.

मी समजावलं: सुती दोर पीळ घालून वळलेला असतो. पाणी लागलं की त्याचे धागे फुगतात, पीळ जाड होतो, आणि जाड झालेला पीळ लांबीत आखडतो. पण ऐकून विश्वास ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. जजमावशी म्हणाली, "पुरावा."

तेव्हा आम्ही शेडसमोरच्या रस्त्यावर दोर सरळ पसरला. बारा माणसं दोराला लागली. सकाळी पळायला आलेले दोघे थांबून विचारू लागले की रस्सीखेच आहे का आणि कुठल्या बाजूला माणूस कमी आहे. पोलादी टेपने कोरडा दोर भरला एकोणपन्नास मीटर सत्त्याण्णव सेंटिमीटर. काका म्हणाले, "बघा! बघा!" मग दोर धक्क्यावरून पाण्यात सोडला, दहा मिनिटं ठेवला, तेवढ्यात सात कपांतून बारा जणांनी चहा घेतला, आणि दोर बाहेर काढून परत पसरवला.

अठ्ठेचाळीस मीटर पंचावन्न सेंटिमीटर. गुणिले चाळीस. एक हजार नऊशे बेचाळीस.

काका रस्त्याच्या कडेला खाली बसले. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ते म्हणाले. "माझा नुसता भिजला आणि अब्रू गेली. सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय मी! अंतरं शिकवतोय!"

पहिली हसली बेकरीमावशी. तिचं हसू पाव फुगल्यासारखं असतं, आधी गाल, मग खांदे, मग सगळी ती. मग लंबूमावशी, मग मुली. जजमावशीने "शांतता राखा" म्हणायचा प्रयत्न केला आणि तिलाच उचकी लागली. मावशी नवऱ्याच्या शेजारी रस्त्यावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "अरे, तरीच! तरीच मला शेवटी इतका दम शिल्लक होता! मला वाटायचं मी काहीतरी विशेष आहे."

फक्त शेंडी हसत नव्हती. तिने माझ्या वहीतून एक कागद फाडून घेतला होता आणि पेन्सिलीने त्रैराशिक मांडत होती. एक हजार नऊशे बेचाळीस मीटरला चारशे एकसष्ट पूर्णांक सहा सेकंद, तर दोन हजारांना किती. मला उत्तर केव्हाच माहीत होतं. मी शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधीच ते काढलं होतं, म्हणूनच जेवले नव्हते.

"सात पंचावन्न पूर्णांक चार," ती म्हणाली. "आम्हाला छप्पन्न पूर्णांक चार लागले. म्हणजे तरीही आम्ही एका सेकंदाने मागे." तिने कागदाची नीट घडी घातली. "ठीक आहे, मावशी. तुम्हीच वेगवान होतात."

"दाखव तो कागद," मावशी म्हणाली. तिने तो बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. अक्कलदाढ काढायची ठरली की येतं. "त्रैराशिकाने शर्यत जिंकतात का गं कुणी? आम्ही एक हजार नऊशे बेचाळीस मीटर वल्हवले. पुढचे अठ्ठावन्न आम्ही वल्हवलेच नाहीत. ते वल्हवले असते तर काय झालं असतं हे कागदाला काय ठाऊक? मी बेशुद्ध पडले असते तर? ही लंबी पाण्यात पडली असती तर?"

"मी का पडेन?" लंबूमावशी म्हणाली.

"उदाहरण. जज, सांग."

जजमावशीने उचकी आवरली. "मुद्दा योग्य आहे. जे घडलं नाही ते गृहीत धरता येत नाही."

"मग घडवू," मावशी म्हणाली. "काढा बोट. राहिलेले अठ्ठावन्न मीटर आत्ता पूर्ण करू. जो वेळ लागेल तो आपल्या सात एकेचाळीस पूर्णांक सहामध्ये मिळवायचा. या मुलींपेक्षा कमी आला तर पाटी आपली. जास्त आला तर हिची."

"मध्ये सव्वीस वर्षांची विश्रांती घेऊन?" मी विचारलं.

"विश्रांती? दोन मुलं, दवाखाना आणि हा माणूस! सव्वीस वर्षं दमलोय आम्ही, विश्रांती कसली!"

यानंतरचा अर्धा तास म्हणजे निव्वळ धुमाकूळ होता. पहिला प्रश्न, राहिलेले मीटर कुठले? काकांनी दोर खांबापासून मागे टाकत नेला होता, म्हणजे तूट सुरुवातीची. मग उभ्या बोटीने सुरुवात करायला हवी, असं मी म्हणाले. जजमावशीने ते फेटाळलं. माणूस आयुष्यात एका शर्यतीची सुरुवात एकदाच करतो, राहिलेलं काम शेवटीच राहतं. म्हणून खांबाच्या पुढे अठ्ठावन्न मीटर मोजून तिथे दुसरी झेंडी रोवायची, शंभर मीटर आधीपासून वल्हवत यायचं, आणि खांबापाशी घड्याळ सुरू. दुसरा प्रश्न बोटीचा. नवीन बोट चालणार नाही, तेव्हाचीच लाकडी हवी. तिला सगळे म्हातारी म्हणतात आणि नवशिक्या मुली तिच्यावर शिकतात, त्यामुळे ती ठणठणीत होती. मावशीने तरी एकदा आरसा फिरवला.

तिसरा प्रश्न काकांनी स्वतःच सोडवला. ते म्हातारीत पाय घालायला गेले आणि बोट ज्या प्रकारे कण्हली ते ऐकून मागे झाले. काका आता शहाण्णव किलोंचे आहेत.

"कॉक्स वाकडी," मावशी म्हणाली.

"मी?"

"तुझं वजन किती?"

"सत्तेचाळीस."

"काका तेव्हा एक्कावन्न होते," जजमावशी म्हणाली. "चार किलो कमी. समान अटी हव्यात." बेकरीमावशीच्या गाडीत मैद्याच्या कागदी पिशव्या होत्या. एकेक किलोच्या चार पिशव्या माझ्या मांडीवर आल्या. मी त्या वजनकाट्यावर तपासल्या. एक बारा ग्रॅमनी कमी होती, पण हे बेकरीमावशीला नंतर सांगायचं ठरवलं.

घड्याळं तीन लावायची आणि मधला आकडा धरायचा, हे माझं म्हणणं मान्य झालं. हाताने वेळ घेताना तीच पद्धत आहे. एक घड्याळ काकांकडे, एक सरांकडे, एक शेंडीकडे. शेंडी म्हणाली, "पण मी तर समोरच्या बाजूची."

"काकाही आमच्या बाजूचे आहेत," जजमावशी म्हणाली. "दोन्हीकडचे पक्षपाती एकमेकांना कापतील."

"आणि सर?"

"सर बघतील."

मी माझं घड्याळ हातातून काढलं आणि शेंडीला दिलं. तिने ते खिशात ठेवलं.

हिशोब सगळ्यांना पाठ होता. चौदा पूर्णांक आठच्या आत आल्या तर पाटी मावशीची. चौदा पूर्णांक आठच्या वर गेल्या तर शेंडीची.

आम्ही खांबाच्या शंभर मीटर मागे गेलो आणि बोट वळवून उभी केली. समोर एका हाताच्या अंतरावर मावशी, तिच्यामागे जजमावशी बूट काढून, मग बेकरीमावशी, शेवटी लंबूमावशी. चौघींनी हात वल्ह्यांवर ठेवले आणि एकदम गप्प झाल्या. मी त्यांना शनिवारी कधीच गप्प बघितलं नव्हतं. मावशीने खांदे खाली सोडले आणि मला अचानक दिसलं की हिचा ताल खरोखर शेंडीसारखा असणार. शेंडीने तो चार वर्षं हिच्याकडूनच उचलला होता.

"चला," मी म्हणाले. ते फार हळू आलं.

"अगं, आम्ही दवाखान्यात नाही आहोत, ओरड!"

"चला!" मी ओरडले, आणि म्हातारी सुटली.

पहिली चार वल्ही विस्कळीत पडली. पाचवं एकत्र. सहाव्याला बोटीखाली पाण्याचा तो आवाज सुरू झाला, बुडबुड्यांचा, जो नीट जमल्यावरच येतो, आणि चौघींच्या चेहऱ्यावर एकाच वेळी एकच भाव उमटला. त्याला मी काय म्हणू? हरवलेली किल्ली दुसऱ्याच कोटाच्या खिशात सापडावी तसा.

दोन दोऱ्या माझ्या दोन हातांत होत्या. उजवी एक बोटभर ओढली असती तर बोट तिरकी झाली असती आणि पाव सेकंद गेला असता. हे गणित माझ्या डोक्यात मी न सांगता होऊन गेलं. पाव सेकंदात शेंडीचं नाव पाटीवर गेलं असतं, आणि कुणाला काही वाटलं नसतं. माझं नावच वाकडी. मी समोर, लांबच्या गिरणीच्या एका खिडकीवर नजर ठेवली आणि दोऱ्या जागच्या जागी धरल्या. पुढे झेंडीजवळ काका उभे होते आणि सव्वीस वर्षांपूर्वीचंच ओरडत होते, "पाय! पाय! पायांनी ढकला!"

खांब गेला. "आता!" मी ओरडले.

त्याच क्षणी सुकाणूच्या दोरीने सगळ्यात वरची पिशवी फाटली. समोरून वारा होता, बोट वेगात होती, आणि मैदा सरळ माझ्या तोंडावर आला. मी नजर खिडकीवरून हलवली नाही. खिडकी नीट दिसत नव्हती, पण ती होती तिथेच असणार. तोंड उघडून ओरडलं तर तोंडात मैदा. "ढक!" ला ढग निघाला, "ला!" ला दुसरा. आणि मी आधीच सांगितलं आहे की वल्हवणाऱ्यांचं तोंड कॉक्सकडे असतं.

मावशीने बघितलं. तिने ओठ दाबले. तिचे गाल थरथरले. मागून लंबूमावशी ओरडली, "अगं, पोरगी भाजायला तयार आहे!" आणि बेकरीमावशीचं ते हसू सुरू झालं, गाल, खांदे, मग सगळी बोट.

"हसू नका! वल्हवा!" मावशी किंचाळली, स्वतः हसत. वल्ही पडत होती. चारही, एकत्र, हसण्याच्या तालावर. शेवटच्या खुणेची झेंडी माझ्या डाव्या कानाजवळून गेली.

धक्क्याला लागेपर्यंत कुणाला बोलता येत नव्हतं. जजमावशी हातांनीच विचारत होती, किती, किती.

तिघेही झेंडीकडून पळत आले. जजमावशीने श्वास घेतला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाली, "एकेक करून. आधी मुलगी."

शेंडीने घड्याळ पुढे धरलं. "चौदा पूर्णांक सहा," ती म्हणाली. म्हणजे तिच्या घड्याळाने ती हरली होती. "मला भीती वाटली, मी उशिरा दाबेन," ती म्हणाली. "म्हणून लवकर दाबलं वाटतं."

"काका?"

काका जमिनीकडे बघत होते. "पंधरा पूर्णांक एक. मलाही तीच भीती वाटली. उलटी."

"शाबास रे," मावशी म्हणाली. "या वयात घरभेदी!"

सगळे सरांकडे वळले. सरांनी घड्याळ उन्हातून सावलीत नेलं, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ धरलं.

"सर, बघू नका, सांगा!" पाचही मुली एकदम ओरडल्या.

"चौदा पूर्णांक नऊ," सर म्हणाले.

मी बेरीज मोठ्याने केली, कारण कुणीतरी करायला हवी होती. सात मिनिटं एकेचाळीस पूर्णांक सहा अधिक चौदा पूर्णांक नऊ. सात मिनिटं छप्पन्न पूर्णांक पाच. मुलींची सात मिनिटं छप्पन्न पूर्णांक चार.

शेंडीने माझ्याकडे बघितलं. मी पांढरीफटक होते, त्यामुळे माझ्याकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. मग तिला कळलं. ती "ताई!" म्हणून धावत आली आणि मला मिठी मारली, आणि आम्ही दोघी पांढऱ्या झालो.

"अपील!" लंबूमावशी म्हणाली. "मैद्यामुळे हसलो."

"मैदा न्यायालयाच्या आदेशाने होता," जजमावशी म्हणाली. "अपील फेटाळलं." आणि ती खाली बसून आपले चामड्याचे बूट परत पायांत घालायला लागली. एक, मग दुसरा. नाड्या नीट बांधल्या. काढलेल्या बुटांनी उडी मारणं म्हणजे फसवणूक झाली असती, असं तिने स्पष्ट केलं.

सर शेडमधून पाटी आणि खरवडायची पत्ती घेऊन आले. त्यांनी ती पत्ती कुणी न मागता आणली होती. मावशीने चष्मा काढून शेंडीच्या हातात दिला, म्हणाली, "पहिल्यांदा माझं नाव खरवड. हळूच. भूल दिल्यासारखं."

काका सगळ्यांच्या आधी गेले. शहाण्णव किलोंचा माणूस पाण्यात पूर्ण बुडला की सुमारे शहाण्णव लिटर पाणी बाजूला होतं. ते सगळं धक्क्यावर आलं. मग बेकरीमावशी, नाक धरून. मग लंबूमावशी, जिचे पाय इतके लांब की उडी मारण्याआधीच ती अर्धी पाण्यात पोचल्यासारखी दिसत होती. मग बुटांसकट न्यायव्यवस्था. शेवटी मावशी, पळत येऊन, दोन्ही हात वर करून, "विसावं वल्हं पुढच्या शनिवारी नक्की!" असं ओरडत.

ती वर आली. केस डोळ्यांवर, दात वाजतायत. "अगं आई गं," ती म्हणाली, "केवढं गार आहे हे! वाकडे, बघतेस काय? किती आहे ते सांग!"

मी धक्क्यावर गुडघे टेकले, खिशातून थर्मामीटर काढला, पाण्यात धरला आणि पारा स्थिर व्हायला पूर्ण दोन मिनिटं दिली.

"सतरा पूर्णांक दोन."